राणी, काळी आणि ‘सध्या’ हा शब्द

२०२३ च्या मार्चमधली गोष्ट. शिगम्याचे, म्हणजे गोव्यातल्या होळीच्या उत्सवाचे, दिवस होते. रात्री उशिरापर्यंत ढोल-ताशे वाजायचे आणि सकाळी गाव जरा उशिरानेच जागा व्हायचा. त्या दिवशी मात्र दवाखान्याचं शटर वर जायच्या आधीच दारात एक ओम्नी उभी होती. मागच्या सीटवर गोणपाटात गुंडाळलेली काळी गावठी कुत्री, तिची मान मांडीवर घेऊन बसलेल्या घरच्या वहिनी, आणि पुढे एका हाताने गाडी चालवत आलेले त्यांचे यजमान. त्यांच्या उजव्या हाताला पंचा बांधला होता आणि तो लाल झाला होता.

“आधी काळीला बघा, डॉक्टर,” ते म्हणाले.

मी काळीला मदतनिसाच्या ताब्यात दिलं, सलाईन लावायला सांगितलं आणि त्यांना नळाखाली उभं केलं. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. मग त्यांना आरोग्य केंद्रात पाठवलं. गोवा २०२१ मध्ये रेबीजनियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं, त्यामागे घरोघरी आणि रस्तोरस्ती जाऊन लस टोचणाऱ्या माणसांची अनेक वर्षांची मेहनत आहे. पण म्हणून चावल्यावरची लस कुणी टाळायची नसते, चावणारं जनावर घरचं आणि लस दिलेलं असलं तरीही ते डॉक्टरांना ठरवू द्यायचं.

चावली होती त्यांचीच राणी. सव्वा वर्षाची, पट्टेरी रंगाची, वीस किलो वजनाची पिटबुल मादी. काळीचं मानगूट तिने धरलं होतं, आणि ते सोडवायला गेलेला हात मध्ये सापडला.

हे प्रकरण मी घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे. घर डिचोली तालुक्यातलं आहे, एवढंच सांगते. कुत्र्यांची नावं बदलली आहेत. लिहायचं कारण असं, की त्यानंतर पिटबुल पाळलेल्या घरांमधून मला जे फोन आले त्यातल्या बहुतेकांत मला हीच गोष्ट थोड्याफार फरकाने पुन्हा ऐकू आली. आणि या प्रकरणात माझीही एक चूक आहे, ती इतरांकडून होऊ नये.

काळीच्या जखमांबद्दल आधी. पिटबुल दात रोवून धरतो आणि झटके देतो. त्यामुळे कातडीवर चार बारीक भोकं दिसतात आणि आत मात्र कातडी मांसापासून सुटून पिशवी झालेली असते. घरचे लोक भोकं बघून म्हणतात, “फारसं लागलेलं नाही.” हळद भरतात, दोन दिवस थांबतात, आणि आपल्या दमट हवेत तिसऱ्या दिवशी पू नाहीतर अळ्या घेऊन येतात. अशा जखमा आतून धुवाव्या लागतात, बऱ्याचदा रबरी नळी ठेवून उघड्याच ठेवाव्या लागतात आणि प्रतिजैविकं पुरी द्यावी लागतात. काळी सहा दिवस माझ्याकडे होती. गावठी कुत्र्यांची चिवट प्रकृती तिच्या कामी आली.

ती सहा दिवस दवाखान्यात असताना मी दोनदा त्यांच्या घरी गेले. जनावराच्या स्वभावाचं प्रकरण टेबलावर कळत नाही, घरात कळतं. चिऱ्यांच्या गडग्याने वेढलेलं जुनं कौलारू घर, पुढे सोपा, मागे पडवी, विहीर आणि पलीकडे पोफळीचं कुळागर. घरात सत्तरीच्या आई, थोरले भाऊ (हात चावला गेलेले यजमान ते हेच) आणि वहिनी, त्यांची नऊ वर्षांची मुलगी. धाकटे भाऊ पुण्याला. काळी वडिलांच्या वेळची, सात वर्षांची. कानाला खाच, म्हणजे नसबंदीच्या मोहिमेत ऑपरेशन झालेली. वडील गेले तेव्हा ती तेरा दिवस सोप्यावरून हलली नाही, असं आई सांगतात.

राणी २०२२ च्या जानेवारीत आली. भाऊंनी मोबाईलवर फोटो बघून बेळगावच्या एका माणसाकडून घेतली, तेव्हा ती चाळीस दिवसांची होती. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायचं नाही, असं कुत्र्यांच्या पैदाशीसाठीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांत स्पष्ट आहे. त्यामागे कारण आहे. भावंडांशी खेळताना जोरात चावलं की समोरचं पिल्लू केकाटतं आणि खेळ थांबतो. दाताला किती जोर लावायचा हे कुत्रं तिथे शिकतं. राणीचं ते शिक्षण अर्धवट राहिलं. शिवाय विकणाऱ्याने तिचे कान आधीच कापलेले होते, ‘रुबाबदार दिसते’ म्हणून. कुत्री एकमेकांशी कानांनी बोलतात. राणीचं अर्धं बोलणं तिथेच कापलं गेलं.

पहिले चौदा महिने सगळं छान होतं, आणि घरच्यांना सगळ्यात जास्त चटका याचाच बसला होता. दोघी एका गोणपाटावर झोपायच्या. काळीने तिला कधी चावून उठवलेलं नाही, तर चाटून उठवलेलं आहे, असं वहिनी मला रडतच सांगत होत्या. “एका ताटात जेवलेल्या ह्या दोघी, डॉक्टर. अचानक काय झालं तिला?”

अचानक काही झालं नव्हतं. राणी वयात आली होती.

पिटबुलची जात कशी घडली ते इथे सांगावं लागेल. इंग्लंडमध्ये बांधलेल्या बैलावर कुत्रे सोडण्याचा खेळ चालायचा. १८३५ मध्ये कायद्याने तो बंद झाला. मग हौस भागवायला लोकांनी बुलडॉग आणि टेरियर यांचा संकर करून छोटी, चपळ कुत्री तयार केली आणि ती खड्ड्यासारख्या बंदिस्त रिंगणात एकमेकांवर सोडायला सुरुवात केली. त्या रिंगणाला ‘पिट’ म्हणत, त्यावरून हे नाव. पुढे ही कुत्री अमेरिकेत गेली आणि १८९८ मध्ये तिथल्या एका श्वानसंस्थेने अमेरिकन पिटबुल टेरियर अशी जात नोंदवली. पिढ्यान्पिढ्या निवड कशाची झाली? दुसऱ्या कुत्र्यावर लवकर तुटून पडणं, वेदना झाली तरी न सोडणं, आणि तुटून पडण्याआधी फारशी सूचना न देणं. साधारण एक ते तीन वर्षांच्या दरम्यान कुत्रं मनाने प्रौढ होतं, आणि हा गुण ज्यांच्यात असतो त्यांच्यात तो बहुधा याच काळात वर येतो. पिल्लूपणी शंभर कुत्र्यांशी खेळलेला पिटबुलही याला अपवाद असेलच असं नाही. मालकाने वाईट वाढवलं म्हणून हे होतं, हा समज अर्धाच खरा आहे.

माणसांवर धावणं ही गोष्ट वेगळी. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत अनोळखी कुत्र्यांवर गंभीर आक्रमण करणाऱ्यांत अकिता, जॅक रसेल टेरियर आणि पिटबुल पुढे होते, प्रत्येक जातीतली वीस टक्क्यांहून जास्त कुत्री. माणसांच्या बाबतीत मात्र डॅशहुंड आणि चिवावा जास्त तापट निघाले. आणि २०२२ मध्ये हजारो कुत्र्यांची जनुकं आणि वागणूक ताडून बघितली गेली, तेव्हा एकेका कुत्र्याच्या स्वभावातला जेमतेम नऊ टक्के फरक जातीने स्पष्ट होत होता. म्हणजे जात इशारा देते, निकाल देत नाही. राणी मला पहिल्या भेटीत पायावर लोळून पोट दाखवत होती. तिच्यात माणसाविषयी राग कणभर नव्हता. पण वीस किलोच्या त्या कुत्रीच्या जबड्यात ताकद किती आहे हे त्यामुळे बदलत नाही. मुलीला तिच्यासोबत एकटीला ठेवायचं नाही, हे मी त्याच दिवशी सांगितलं.

मग मी विचारत गेले. भांडणाच्या आधीचा दिवस नव्हे, आधीचे तीन महिने. सुरुवातीला उत्तर यायचं, “काहीच नव्हतं हो.” आई मात्र शांत बसून सगळं बघणारी बाई. त्या म्हणाल्या, “काळी हल्ली पडवीतून येत नव्हती. विहिरीला वळसा घालून सोप्याकडून यायची.”

एवढ्या एका वाक्यात मला प्रकरण सापडलं. राणी पडवीच्या दारात आडवी उभी राहायची. तोंड बंद, शेपूट वर, अंग ताठ, डोळे काळीवर रोखलेले. घरच्यांना ती ‘राखण करते’ असं वाटायचं. काळीला कळत होतं ती कशाची राखण करते ते, म्हणून ती वळसा घालत होती. जानेवारीत बांगड्याची डोकी खाताना राणी तिच्यावर गुरगुरली. भाऊंनी तिला चप्पल मारली. पुन्हा गुरगुरली, पुन्हा चप्पल. तिसऱ्या आठवड्यात ती गुरगुरायची थांबली. “सुधारली होती,” भाऊ म्हणाले.

ती सुधारली नव्हती. गुरगुरणं म्हणजे कुत्र्याने केलेली शेवटची विनंती असते. तिच्यावर मार बसला की राग जात नाही, फक्त सूचना जाते. आधीच ज्या जातीत सूचना आखूड, तिच्यात तीही आपण हाताने पुसून टाकली. अमेरिकेतल्या २००९ च्या एका अभ्यासात मालकांना विचारलं होतं, की कुत्र्याला मारलं किंवा लाथ घातली तेव्हा पुढे काय झालं. ज्यांनी तसं केलं होतं त्यातल्या ४३ टक्के मालकांनी कुत्रं उलट अंगावर आल्याचं सांगितलं. मी भाऊंना हा आकडा सांगितला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांनी राणीला दुष्टपणाने मारलं नव्हतं. आपल्याकडे कुत्रं असंच वाढवतात, त्यांच्या वडिलांनीही तसंच वाढवलं होतं. गावठी कुत्र्याच्या बाबतीत ते बऱ्याचदा खपून जातं, कारण त्याला पळून जायला अख्खा गाव असतो. राणीला साखळी होती.

प्रत्यक्ष त्या सकाळी काय झालं? राणीचा दुसरा माज संपून काही आठवडे झाले होते. आदल्या रात्री ढोलांमुळे तिची झोप झाली नव्हती. कान दुखत होते (हे मला नंतर तपासणीत कळलं, दोन्ही कानांत बुरशीचा संसर्ग होता). सव्वासहाला पोदेर, म्हणजे सायकलवरून पाव विकणारा, आला, सायकलचा भोंगा वाजला आणि दोघी एकदम फाटकाकडे धावल्या. बाहेर पाव, सायकल, पोदेरामागून येणारी दोन भटकी कुत्री. आत बंद फाटक. बाहेरच्यांपर्यंत पोचता येईना तेव्हा राणी शेजारच्या काळीवर वळली. एकेक गोष्ट साचत जाते आणि शेवटची काडी कुठली ते तेवढं आपल्याला दिसतं. पोदेराचा त्यात काही दोष नाही.

“दहा मिनिटं सोडत नव्हती. जबड्याला कुलूपच लागतं त्यांच्या,” भाऊ म्हणाले. कुलूप वगैरे काही नसतं. इतर कुत्र्यांसारखाच तोही जबडा. फक्त सोडायची इच्छा नसते. भाऊंनी हाताने तोंड उघडायचा प्रयत्न केला, शेजाऱ्याने दांडक्याने मारलं, वहिनींनी काळीचे मागचे पाय धरून ओढलं. या तिन्ही गोष्टींनी जखमा वाढल्या. ओढलं की दात रोवलेलं मांस फाटतं. मारलं की पकड घट्ट होते.

मग करायचं काय? मी त्यांना गावच्या सुताराकडून सागाची एक पाचर करून घ्यायला सांगितली, वीतभर लांब, एका टोकाला निमुळती, दुसऱ्या टोकाला मुठीत बसेल अशी. धरणाऱ्या कुत्र्यावर मागून स्वार व्हायचं, त्याची कंबर दोन गुडघ्यांत दाबून धरायची, एका हाताने गळपट्टा धरायचा आणि सुळ्यांच्या मागे, दाढांच्या बाजूने पाचर आत सरकवून मूठ पिळायची. जबडा क्षणभर उघडतो. तेवढ्यात दुसऱ्या माणसाने दुसरं कुत्रं दूर न्यायचं. हे फक्त धरून ठेवणाऱ्या कुत्र्यासाठी. गावठी कुत्रं धरून ठेवत नाही, चावतं, सोडतं, पुन्हा चावतं. तिथे पाचर घेऊन गेलात तर हातच चावला जाईल. तिथे पाण्याची बादली, मोठ्ठा आवाज, मध्ये पत्रा किंवा खुर्ची घालणं हे उपाय. पाचरीचा सराव आम्ही शांत असलेल्या राणीवर केला, तिच्या तोंडाजवळ न नेता, फक्त उभं कुठे राहायचं आणि धरायचं कसं याचा. वहिनी सगळ्यात लवकर शिकल्या. पाचर पडवीच्या खुंटीवर टांगली.

कानांवर उपचार झाले, रक्त तपासलं, पुढे माजाचा परिणाम ओसरल्यावर राणीचं ऑपरेशन केलं. ऑपरेशनने स्वभाव बदलेल असं मी सांगितलं नाही. नरांच्या आपसातल्या भांडणात त्याचा काही उपयोग होतो. मादीच्या बाबतीत तशी खात्री देता येत नाही. माज आणि पिल्लं टळतील, एवढंच. एका घरातल्या दोन माद्यांचं वैर पुष्कळदा नरांच्या वैरापेक्षा जास्त चिवट असतं, हेही सांगितलं.

आणि मग मी ते वाक्य बोलले. “सध्या दोघींना वेगळं ठेवा.”

व्यवस्था चांगली लागली. मागची पडवी आणि कोठीची खोली राणीची, सोपा आणि माजघर काळीचं. दोघींच्या मध्ये नेहमी दोन दारं, कारण एक दार कधी ना कधी उघडं राहतंच. सकाळी राणी अंगणात तेव्हा काळी आत, संध्याकाळी उलट. फाटकाला आतून पत्रा लावला, म्हणजे बाहेरचं दिसणं बंद. पोदेर येण्याच्या वेळी राणी मागे, तिला चघळायला हाड. जेवण वेगळ्या खोल्यांत.

फिरायला नेण्यात जास्त कष्ट होते. गोव्यातल्या गावात रस्त्यावर कुत्रं भेटणार नाही अशी वेळच नसते. आधी तीन आठवडे मुसकं घालायची सवय केली. जाळीदार, टोपलीसारखं मुसकं, ज्यात कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता येतात. कापडी, तोंड आवळून बांधणारं मुसकं आपल्या उकाड्यात जिवावर बेतू शकतं. मुसक्यात उकडलेल्या कलेजीचा तुकडा ठेवायचा, तिने आपणहून तोंड घालायचं, लगेच काढायचं. बांधायला सुरुवात दहाव्या दिवशी. मग रस्ता. अंतर आम्ही विजेच्या खांबांवर मोजत होतो. समोरचं कुत्रं तीन खांब लांब असताना राणी त्याच्याकडे बघून परत भाऊंकडे बघू शकत होती. दोन खांबांवर ती ताठायची. म्हणून काम तीन खांबांवर. कुत्रं दिसलं की कलेजी, कुत्रं गेलं की कलेजी बंद. ती गप्प बसली म्हणून बक्षीस द्यायचं नव्हतं. लांबचं कुत्रं म्हणजे काहीतरी चांगलं येणार, हे तिच्या मनात बसवायचं होतं. ती ताठली तर ओरडायचं नाही, वळायचं आणि चालू लागायचं. साखळी ओढून ‘बघ, काही करत नाही ते’ असं म्हणत जवळ न्यायचं तर मुळीच नाही.

पावसाळ्यात हे सगळं ढेपाळलं. जूनपासून रोज फिरणं जमेना. पण भांडण झालं नाही, दारं सांभाळली गेली. ऑगस्टमध्ये भाऊंनी फोनवर विचारलं, “आता पाच महिने झाले, डॉक्टर. दाराच्या फटीतून एकमेकींना हुंगतात, शेपूट हलवतात. एकत्र सोडून बघू का?” मी म्हणाले, “सध्या नको.” पुन्हा तोच शब्द.

त्या वर्षी चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, १९ सप्टेंबरला होती. मूळ घर हेच, म्हणून पुण्याचे भाऊ, मुंबईची आत्या, त्यांची मुलं, सगळे मिळून सतरा माणसं. गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधलेली, दुसऱ्या दिवशी दुपारी आरती चाललेली, बाहेर पोरं फटाके वाजवत होती. कोठीच्या खोलीत राणी रडत होती. पुण्याच्या भावाचा बारा वर्षांचा मुलगा तिला गप्प करायला गेला आणि कडी काढली. दुसरं दार नारळ आणायला गेलेल्या कुणीतरी उघडंच ठेवलं होतं.

काळी आईंच्या पाटाजवळ बसली होती.

या वेळी कुणी ओढलं नाही, कुणी मारलं नाही. वहिनी आरतीचं तबक खाली ठेवून पडवीत धावल्या, पाचर काढली आणि शिकल्याप्रमाणे केलं. सगळं मिळून मिनिटभरही लागलं नसेल. माणसांपैकी कुणाला ओरखडाही नाही. पण काळीचा उजवा कान अर्धा गेला आणि पुढच्या डाव्या पायाचा स्नायू फाटला. त्या पायाने ती आजही लंगडते. कडी काढणारा मुलगा चार दिवस जेवला नाही. त्याचा दोष नव्हता. तो पुण्याहून आला होता आणि त्याला कुणी सांगितलं होतं ते एवढंच, की ‘सध्या त्यांना वेगळं ठेवलंय’.

‘सध्या’ म्हणजे पुढे कधीतरी एकत्र येणार. मी तो शब्द धीर द्यायला वापरला. ज्यांनी तो ऐकला त्यांनी त्यात आशा ऐकली, आणि जिथे आशा असते तिथे दारावरची नजर सैल पडते. दाराच्या फटीतली हलणारी शेपूट, पाच शांत महिने, हे सगळं त्यांना सुधारणेसारखं दिसलं, कारण मी तसं दिसायला जागा ठेवली होती. शांत पाच महिने दारांचे होते, राणीचे नव्हते. हे मला मार्चमध्येच सांगता आलं असतं.

विसर्जनानंतर मी घरी गेले आणि या वेळी स्पष्ट बोलले. ह्या दोघी पुन्हा कधीही एकत्र राहणार नाहीत. कधीही, म्हणजे एका मिनिटासाठीही. मग काय काय करता येईल, ते एकेक मांडलं. राणीला दुसरं घर: पण घर असं हवं जिथे दुसरं कुत्रं नाही, गडगा उंच आहे, माणूस अनुभवी आहे, आणि इंटरनेटवर ‘फुकट पिटबुल’ लिहिलं की पहिला फोन झुंजी लावणाऱ्याचा येऊ शकतो. कुत्र्यांच्या झुंजी लावणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, तरी त्या थांबलेल्या नाहीत. काळीला दुसरं घर: सात वर्षांच्या, लंगड्या, आईंच्या सावलीसारख्या कुत्रीला? राणीला कायमचं झोपवणं: मी हाही पर्याय लपवला नाही. ज्या घरात लहान मुलं आहेत आणि दारं सांभाळण्याची खात्री नाही, तिथे तो विचार करणं हे पाप नाही, आणि तो करणाऱ्याला मी कधी हिणवत नाही. चौथा पर्याय, दोघी इथेच, पण जन्मभर दोन दारांच्या दोन बाजूंना. आणखी सात-आठ वर्षं, रोज.

पुण्याचे भाऊ म्हणाले, “दादा, काढून टाक तिला. उद्या कुणाला काही झालं तर?” भाऊ काही बोलेनात. शेवटी आई बोलल्या. “आणलीस ना? मग दारं मी सांभाळते.” त्या दिवसापासून कोठीच्या खोलीला कडीऐवजी कुलूप आहे आणि किल्ली आईंच्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात.

राणीला मी त्याच महिन्यात फ्लुऑक्सेटिन सुरू केलं, वजनाला किलोमागे एक मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला वीस. हे औषध स्वभाव पालटत नाही. सतत ताणलेली तार जरा सैल करतं, म्हणजे शिकवणं आत शिरतं. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात भूक कमी होते, आणि ते डॉक्टरांच्या नजरेखाली द्यायचं असतं. डिसेंबरात ती दोन खांबांवर आली.

१२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने तेवीस जातींच्या कुत्र्यांवर बंदी आणावी असं पत्रक राज्यांना पाठवलं, त्यात पिटबुल होताच. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. पण त्या महिनाभरात मला आठवड्याला दोन-तीन फोन येत होते: कुत्रं सोडून द्यायचंय, कुठे सोडू? माझं उत्तर ठरलेलं होतं, आणि ते आजही तेच आहे. रस्त्यावर सोडलेला पिटबुल स्वतः तरी मरतो किंवा कुणाला तरी मारतो.

मग ऑगस्ट २०२४. हणजूण इथे पिटबुलच्या हल्ल्यात सात वर्षांचा मुलगा गेला. त्या घटनेबद्दल मी बाहेरून काही भाष्य करणार नाही. एक मूल गेलं. अख्खा गोवा हादरला होता आणि हादरायलाच हवं होतं. दोनच दिवसांनी या घरासमोर वाड्यावरची दहा-बारा माणसं आली. भाऊंनी मला फोन केला. मी म्हणाले, त्यांना आत बोलवा आणि सगळं दाखवा. त्यांनी दाखवलं: दोन दारं, कुलूप, फाटकाचा पत्रा, मुसकं, लसीचं कार्ड, पाचर. लोक समाधानी झाले असं मी म्हणणार नाही. एका म्हाताऱ्या काकांनी विचारलं, “किल्ली हरवली तर?” तो प्रश्न योग्य होता. त्या संध्याकाळी गडगा दोन थर चिऱ्यांनी वाढवायचं ठरलं आणि भाऊंनी लिहून दिलं, की राणी मुसक्याशिवाय फाटकाबाहेर येणार नाही. पाळलेल्या जनावराबाबत निष्काळजीपणा केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं. शेजाऱ्यांचा धाक त्याहून मोठा ठरला, आणि मला ते बरंच वाटलं.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ७ सप्टेंबरला, चवथ आली. पुन्हा सतरा माणसं. या वेळी गणपती बसायच्या आदल्या दिवशी राणी माझ्या दवाखान्यात मागच्या खोलीत येऊन राहिली, पाच दिवस. भाऊ रोज रात्री जेवून यायचे आणि तासभर तिच्याजवळ जमिनीवर बसायचे. पुण्याच्या मुलानेच तिचं अंथरूण आणून दिलं होतं. तो दारात उभा राहून मला म्हणाला, “डॉक्टर, कडी कुठली, कुलूप कुठलं, ते मला दाखवा आधी.” मी दाखवलं.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याबरोबर फिरायला गेले होते. राणी आता चार वर्षांची आहे, तोंडावर पांढरे केस दिसायला लागले आहेत. वळणावर एक भटकं पिल्लू आलं, एक खांब लांब. राणी थांबली, तिने बघितलं, शेपूट जरा वर गेली. मग तिने मान वळवून भाऊंकडे बघितलं आणि कलेजी खाल्ली. भाऊंनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत तो जुना प्रश्न होता, आणि मी काही बोलायच्या आतच त्यांनी मुसक्याचा पट्टा एक भोक घट्ट केला आणि आम्ही दुसऱ्या रस्त्याने वळलो. घरी पोचलो तेव्हा फाटकाशी आई उभ्या होत्या. काळी आत आहे का, हे त्यांनी आधी दोनदा बघून घेतलं, मग गळ्यातली किल्ली काढली.